न्यूयॉर्कमधली पंगत

परदेशी शिकायला गेलेल्या मोठ्या माणसांच्या आपल्याकडच्या चरित्रांत दोन जागा हमखास येतात. एक बोट आणि दुसरी ग्रंथालय. बोटीवर चढताना घरच्यांचे डोळे भरून येतात आणि पुढच्या पानावर चरित्रनायक ग्रंथालयात अठरा-अठरा तास वाचत बसलेला असतो. मधल्या संध्याकाळी कुठे जातात? तो कुणाबरोबर जेवला, जेवणानंतर कुणाच्या खोलीत गप्पा मारत बसला, सुट्टीच्या रात्री चार देशांच्या पोरांबरोबर कुठे फिरून आला, हे सगळं चरित्रकार एका वाक्यात उरकतो. अशा संध्याकाळीतून काही 'निष्पन्न' होत नाही, अशी त्याची समजूत असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कोलंबिया विद्यापीठातल्या तीन वर्षांबद्दल वाचताना मी या उरकलेल्या वाक्यापाशी पुन्हा पुन्हा थांबलो. 1913 च्या जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले तेव्हा बावीस वर्षांचे होते. 'बाबासाहेब' अजून कुणी म्हणत नव्हतं, म्हणून या काळापुरतं मी त्यांना भीमराव म्हणणार आहे. पहिला आठवडा ते हार्टली हॉल या विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. तिथलं अर्धवट शिजलेलं अन्न आणि ताटात येणारं गोमांस मानवेना, म्हणून त्यांनी ती जागा सोडली. तिथून ते 554, वेस्ट 114 वा रस्ता या पत्त्यावर गेले. विद्यापीठाच्या आवाराच्या दक्षिण कडेला लागूनच हे घर होतं, त्याचं नाव कॉस्मोपॉलिटन क्लब आणि तिथे काही हिंदी विद्यार्थी राहत होते. पुढे ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहू लागले. चरित्रांमध्ये हा मजकूर दोन-तीन ओळींचा असतो. त्यातल्या 'कॉस्मोपॉलिटन क्लब' या दोन शब्दांमागे केवढी चळवळ उभी होती, हे कळायला मला बराच वेळ लागला.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या विद्यापीठांत चिनी, जपानी, हिंदी, फिलिपिनो, दक्षिण अमेरिकी, रशियन अशी मुलं येऊ लागली होती. वर्गात त्यांना जागा मिळे, पण वर्ग सुटल्यावर काय? तिथल्या विद्यार्थ्यांची सामाजिक जिंदगी 'फ्रॅटर्निटी' नावाच्या घरांत चाले आणि त्या घरांत बहुतेक परदेशी मुलांना प्रवेश नसे. 1903 साली विस्कॉन्सिन विद्यापीठात काही परदेशी आणि अमेरिकी विद्यार्थ्यांनी मिळून इंटरनॅशनल क्लब काढला. पुढच्याच वर्षी कॉर्नेलमध्ये कॉस्मोपॉलिटन क्लब निघाला. 1907 च्या डिसेंबरात विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसन इथे अशा क्लबांचा संघ स्थापन झाला. युरोपात हे लोण थोडं आधीचं होतं. इटलीत तुरीनच्या एफिसिओ जिलिओ-तोस याने 1898 मध्येच 'कोर्दा फ्रात्रेस', म्हणजे 'बंधुहृदयं', या नावाची आंतरराष्ट्रीय विद्यार्थी संघटना उभी केली होती.

1907 हे साल मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी 4 सप्टेंबरला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावी गोऱ्या जमावाने लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या पंजाबी मजुरांना मारहाण करून गावाबाहेर हाकलून दिलं. म्हणजे एकाच देशात एकाच वर्षी हिंदी मजुराला गावातून घालवलं जात होतं आणि हिंदी विद्यार्थ्यासाठी ताट मांडलं जात होतं. या क्लबांबद्दल लिहिताना नुसत्या बंधुभावाच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला कंटाळा येतो तो यासाठी. ताट मांडलेलं होतं हे खरं, पण ते मूठभर शिकणाऱ्यांपुरतं होतं.

तरी ते ताट लहानसहान नव्हतं. रवींद्रनाथांचे चिरंजीव रथींद्रनाथ ठाकूर 1906 साली शेतीशास्त्र शिकायला इलिनॉय विद्यापीठात गेले. तिथला कॉस्मोपॉलिटन क्लब उभा करण्यात त्यांचा पुढाकार होता. चीनमधून 1910 साली कॉर्नेलला आलेला हू शी तिथल्या क्लबच्या घरातच राहत होता आणि पुढे त्या क्लबचा अध्यक्षही झाला. बॉक्सर बंडाबद्दल चीनकडून घेतलेल्या दंडाचा काही भाग अमेरिकेने शिष्यवृत्त्यांसाठी परत केला, त्यातून तो आला होता. हा तोच हू शी, ज्याने पुढे चिनी साहित्यात बोलभाषेचा आग्रह धरला. 1915 साली तो जॉन ड्यूईंकडे शिकायला कोलंबियात आला. भीमरावांचं ते कोलंबियातलं शेवटचं वर्ष आणि ड्यूई त्यांचेही गुरू.

या क्लबांत होई काय? व्याख्यानं होत, वादविवाद होत, पण खरं आकर्षण असे ते 'नॅशनल नाइट' या कार्यक्रमाचं. एका संध्याकाळी एका देशाच्या मुलांनी आपला देश बाकीच्यांसमोर मांडायचा, गाणी, पोशाख, खाण्याचे पदार्थ, थोडा इतिहास आणि थोडी थट्टामस्करी. आज चीन, पुढच्या खेपेला ब्राझील, मग हिंदुस्थान. आजच्या आपल्या पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतल्या 'एथनिक डे'चा हा पणजोबाच म्हणायचा. अशा रात्री हलक्याफुलक्या असत आणि तशाच असाव्यात अशी अपेक्षा असे. आपल्या देशाचं चांगलं तेवढं दाखवायचं, घरातली धुणी इथे धुवायची नाहीत.

कोलंबियाच्या त्याच परिसरात या काळात हॅरी एडमंड्स नावाचा वायएमसीएचा एक कार्यकर्ता वावरत होता. त्याची हकिगत तिथे दंतकथेसारखी सांगतात. 1909 साली विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला त्याने सहज 'गुड मॉर्निंग' म्हटलं. तो विद्यार्थी थांबला आणि म्हणाला, मी तीन आठवडे न्यूयॉर्कमध्ये आहे, माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच. एडमंड्स घरी गेला, बायकोला ही गोष्ट सांगितली आणि दोघांनी रविवारी परदेशी विद्यार्थ्यांना घरी चहाला बोलवायला सुरुवात केली. घर पुरेना, मग सभागृह घेतलं, पुढे मंडळ काढलं. रविवारचं एकत्र जेवण ही त्यांची कायमची रीत झाली. अखेर धाकट्या जॉन रॉकफेलरच्या पैशातून 1924 साली रिव्हरसाइड ड्राइव्हवर इंटरनॅशनल हाउस उभं राहिलं. बंधुभाव नांदो, अशा अर्थाचं त्याचं ब्रीदवाक्य आहे. वेगवेगळ्या देशांची मुलं एका टेबलावर जेवली की त्यांच्यातले भेद हळूहळू गळून पडतील, हा एडमंड्सचा सगळा विश्वास होता.

आता या परिसरात आलेल्या बावीस वर्षांच्या मुलाकडे पाहू. एडमंड्ससाठी टेबल हे मैत्रीचं साधन होतं. भीमरावांसाठी ताट, पाणी, पंगत या गोष्टींचा अर्थ लहानपणापासून वेगळा होता. 1901 साली वडिलांना भेटायला गोरेगावला जाताना भावंडांजवळ डबा भरलेला होता, पण पाणी द्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ती पोरं रात्री उपाशी झोपली. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असताना तिथला हॉटेलवाला त्यांना चहा-पाणी देत नसे. आपल्या भाषेत 'पंक्तिप्रपंच' असा एक शब्द आहे. वाढताना केलेला दुजाभाव दाखवायला खास शब्द घडवावा लागला, यावरून त्या पंगतीची कल्पना यावी. अशा मुलाला न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदाच असं टेबल मिळालं की ज्याच्याभोवती कुणी कुठेही बसत होतं आणि शेजारचा ताट उचलून दूर जात नव्हता.

चरित्रकार सांगतात की पहिले काही महिने त्यांनी मित्रांबरोबर हिंडण्या-फिरण्यात, खेळण्यात आणि करमणुकीत घालवले. मग एका रात्री आत्मपरीक्षण झालं, आपण इथे कशासाठी आलो याची टोचणी लागली आणि पुढे अभ्यास एके अभ्यास. हा प्रसंग सांगताना चरित्रकारांचा सूर 'वेळीच सावरले' असा असतो. मला तो सूर पटत नाही. बावीस वर्षांत एकदाही निर्धास्तपणे चारचौघांत न बसलेल्या माणसाने चार महिने निर्धास्तपणे काढले, याला वेळ वाया घालवणं म्हणायचं असेल तर शिक्षण या शब्दाची व्याख्याच फार तोकडी करावी लागेल.

शिवाय चैन करण्याइतके पैसे होते कुठे? सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंडांची होती. त्या वेळच्या दराने हे साधारण 56 डॉलर होतात. त्यांच्या एका जेवणाचा हिशेब नोंदलेला आहे, एक कप कॉफी, दोन मफिन आणि मांस किंवा मासळीची एक बशी, खर्च एक डॉलर दहा सेंट. दिवसाला असं एकच जेवण धरलं तरी महिन्याला 33 डॉलर झाले. म्हणजे निम्म्याहून अधिक शिष्यवृत्ती पोटातच गेली. उरलेल्यातून राहणं, कपडे, जुनी पुस्तकं आणि मुंबईला रमाबाईंकडे पाठवायचे पैसे. अशा हिशेबात मित्रांबरोबरची संध्याकाळ म्हणजे फार तर पायी फिरणं आणि कुणाच्या तरी खोलीत बसणं.

त्या संध्याकाळी त्यांना तिथे सगळे 'हिंदू' म्हणत. अमेरिकेत त्या काळी हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक माणूस हिंदूच, मग तो शीख असो, मुसलमान असो की पारशी. बेलिंगहॅमच्या जमावाने शिखांना हाकललं तेही 'हिंदू' म्हणूनच. या ढोबळ शब्दाने तिकडे मजुरांचा घात केला, पण इकडे एका विद्यार्थ्याला त्याने अनपेक्षित आडोसा दिला. महार कोण, ब्राह्मण कोण, हे विचारण्याइतकं तिथल्या चिनी किंवा अमेरिकी मुलाला ठाऊकच नव्हतं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणात बाबासाहेबांनी नंतर लिहिलं आहे की परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसून टाकली होती.

जाणीव पुसली, पण विचार थांबला नाही. 9 मे 1916 रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भीमरावांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. त्याच्या सुरुवातीलाच ते म्हणतात की वस्तूंची स्थानिक, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय प्रदर्शनं आपण पाहिलेली असतील, पण माणसांच्या संस्थांचंही प्रदर्शन असू शकतं ही कल्पना फार थोड्यांना सुचते. हे वाक्य वाचताना मला ते 'नॅशनल नाइट' आठवतात. पोशाख, गाणी आणि पक्वान्नं मांडून देश दाखवायच्या त्या काळात या विद्यार्थ्याने परदेशी श्रोत्यांपुढे आपल्या देशातली जात मांडली. घरातली धुणी तिथेच धुतली आणि तीही थंड डोक्याने, समाजशास्त्राच्या भाषेत.

त्याच निबंधात ताटाचाही प्रश्न येतो. जातीची व्याख्या करताना नेसफिल्ड या इंग्रज लेखकाने जातीबाहेरच्यांबरोबर न जेवणं हे एक लक्षण सांगितलं होतं. भीमराव म्हणतात, हा परिणाम आहे आणि नेसफिल्ड त्यालाच कारण समजला. जात हे मुळातच दार बंद केलेलं घर आहे, मग त्यातला माणूस बाहेरच्याबरोबर जेवत नाही यात नवल काय? तिथेच ते श्रीधर व्यंकटेश केतकरांची व्याख्या घेतात. हे आपले ज्ञानकोशकार केतकर. कॉर्नेलमध्ये शिकत असताना त्यांनी 1909 साली जातीच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं होतं. केतकरांनी जातीची दोन लक्षणं सांगितली, जन्माने मिळणारं सभासदत्व आणि बाहेर लग्न करण्यास बंदी. भीमराव त्यांना इतरांपेक्षा नेमकं मानतात, पण सांगतात की ही दोन लक्षणं वेगळी नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. मूळ आहे ते जातीतल्या जातीत लग्न. आपल्याकडे 'रोटी-बेटी व्यवहार' असा जोडशब्द आहे. भीमरावांनी तो जोड फोडून दाखवला. रोटीचं बंधन वर दिसतं, मूळ बेटीच्या बंधनात आहे.

मला यातलं विशेष वाटतं ते असं. एकत्र जेवणाचं सुख या माणसाइतकं कुणाला जाणवलं असेल? तीन वर्षं ते अनुभवल्यावर त्याने त्या सुखाचं तत्त्वज्ञान केलं नाही. एडमंड्सने टेबलावर सगळी भिस्त ठेवली. त्याच परिसरात राहणाऱ्या भीमरावांनी टेबलाला जेवढं द्यायचं तेवढंच श्रेय दिलं.

त्याची सत्यता पटायला फार दिवस लागले नाहीत. लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून 1917 साली ते करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आले. ('वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये यातल्या सालांची गफलत आहे. आठवणीतून लिहिताना असं होतं.) स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न, जायचं कुठे? हिंदू खाणावळ शक्य नव्हती. मग त्यांना आठवले ते अमेरिकेला शिकायला आलेले बडोद्याचे ओळखीचे मित्र. त्यांच्याकडे जावं का? ते दार उघडतील याची त्यांना खात्री वाटेना. घरात अस्पृश्याला घेताना ते अवघडतील, असं त्यांच्या मनात आलं आणि ते स्टेशनच्या छपराखाली विचार करत उभे राहिले.

त्या संपूर्ण टिपणात मला सर्वांत जास्त बोचतो तो हा परिच्छेद. पुढचं अपमानाचं वर्णन अधिक प्रसिद्ध आहे, पण तिथे अपमान करणारे परके आहेत. इथे प्रश्न होता सागरापलीकडे भेटलेल्या मित्रांचा. मित्र वाईट होते असं बाबासाहेब कुठे म्हणत नाहीत, त्यांनी त्यांची परीक्षाही घेतली नाही. तिथली ओळख इथल्या उंबऱ्यापर्यंत पोचेल की नाही याची शंका होती, एवढंच. ती ज्याला घ्यावी लागली त्यानेच घ्यायची होती. मित्रांना तशी शंका कधी आलीही नसेल.

शेवटी पारशी सरायीत पारशी नाव सांगून त्यांनी दिवसाला दीड रुपया भाड्याने खोली घेतली. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि त्यांना निघून जावं लागलं. मग त्यांनी दोन मित्रांना विचारून पाहिलं. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या येते आहे, तिला विचारून सांगतो. पुढच्या गाडीला वेळ होता, तो त्यांनी कामाठी बागेत बसून काढला आणि मुंबई गाठली.

तिकडे एडमंड्सच्या टेबलाचंही पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ज्या 1924 साली न्यूयॉर्कचं इंटरनॅशनल हाउस उघडलं, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कोलंबियाच्या फर्नाल्ड हॉल या वसतिगृहात फ्रेडरिक वेल्स हा कृष्णवर्णीय अमेरिकी विद्यार्थी राहतो म्हणून विद्यापीठाच्या आवारात क्रूस पेटवण्यात आला. परदेशातून आलेल्यासाठी आसन आणि घरच्या काळ्या माणसासाठी आग. एडमंड्सला याची जाण असावी. कारण कॅलिफोर्नियात बर्कली इथे दुसरं इंटरनॅशनल हाउस बांधताना त्याने मुद्दाम पीडमॉन्ट अव्हेन्यू निवडला, जिथे परदेशी आणि काळ्या विद्यार्थ्यांना दूर ठेवणाऱ्या फ्रॅटर्निटींची रांग होती. तिथे निषेधाला आठशेहून अधिक लोक जमले. तरी 1930 साली ते घर उघडलंच. तेव्हा केवळ भाबडा म्हणून एडमंड्सला निकालात काढता येणार नाही. टेबल कुठे मांडायचं हे त्याला पुढे नीट कळलं होतं.

बाबासाहेबांनी मात्र 1936 च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये वीस वर्षांपूर्वीचंच म्हणणं अधिक स्पष्टपणे मांडलं. सहभोजनं होत आहेत, काही जाती एकमेकांत जेवतातही, पण त्यामुळे जातीची भावना मेलेली नाही. खरा उपाय मिश्रविवाह आणि त्याच्याही मागे असलेली धर्मशास्त्रांवरची श्रद्धा ढासळणं. सहभोजनाच्या पंगतींचे फोटो काढून समाधान मानणाऱ्या त्या काळच्या सुधारकांना हे रुचणं कठीणच होतं.

पण न्यूयॉर्कच्या संध्याकाळी त्यांनी मोडीत काढल्या असाही याचा अर्थ नाही. कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रिकेत 1930 साली त्यांनी आयुष्यातले उत्तम मित्र कुठे मिळाले ते सांगितलं आहे. ड्यूई, शॉटवेल, सेलिग्मन, रॉबिन्सन या प्राध्यापकांची नावं तिथे येतात. त्यांच्याआधी येतात ते वर्गमित्र, नावं न घेता.

त्यातलं एक नाव आपल्याला ठाऊक आहे. 1920 साली लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला निघताना बाबासाहेबांकडे स्वतःची थोडी शिल्लक होती, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती, तरी भागत नव्हतं. तेव्हा पाच हजार रुपये उसने दिले ते लिव्हिंग्स्टन हॉलमधल्या नवल भथेनांनी. बडोद्याच्या सरायीतून काठ्या घेऊन आलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढलं, त्याला तेव्हा तीन वर्षं होत होती.